कर्ताझ, दस्तक आणि कार्नेट

उरणजवळच्या द्रोणागिरीविषयीं त्या भागांत एक दंतकथा सांगतात. लक्ष्मणासाठीं संजीवनी आणावयास गेलेल्या मारुतीनें हिमालयांतला द्रोणागिरि उचलला आणि आकाशमार्गानें जातांना त्याचा एक तुकडा येथें समुद्राच्या कांठीं गळून पडला; तोच हा डोंगर. काम झाल्यावर मारुतीनें पर्वत जागच्या जागीं नेऊन ठेवला, असेंहि कांहीं कथेकरी सांगतात. जकातीच्या भाषेंत बोलावयाचें तर ही ‘तात्पुरती आयात’ झाली: वस्तु परराज्यांत आणली, वापरली आणि परत नेली. एक तुकडा तेवढा परत गेला नाहीं, आणि त्याबद्दल मारुतीस कोणीं जाब विचारला नाहीं. देवांस जें क्षम्य असतें तें माणसांस नसतें. माणूस आपली वस्तु घेऊन परराज्याच्या वेशीशीं आला कीं ‘ही तूं परत नेशील कशावरून?’ हा प्रश्न त्यास विचारला जातोच. या एका प्रश्नाचें उत्तर कागदावर कसें लिहावें, यासाठीं या किनाऱ्यावर गेल्या हजार वर्षांत जे जे प्रयत्न झाले, त्यांची कथा वाचकांपुढें थोडक्यांत मांडावी असा आमचा विचार आहे.

विषय सुचण्यास निमित्त मात्र अगदीं आजचें आहे. द्रोणागिरि हें नांव आतां नुसत्या डोंगराचें राहिलेलें नाहीं; नवी मुंबईच्या उभारणींत सिडकोनें आंखलेल्या एका उपनगरासहि तेंच नांव मिळालें आहे. शेजारीं न्हावा-शेवा येथें २६ मे १९८९ रोजीं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें, आणि जेथें मिठागरें व भातखाचरें होतीं तेथें कंटेनरांच्या उतरंडी उभ्या राहिल्या. या कंटेनरांतून यंत्रें येतात, कापड जातें, औषधें जातात. आणि क्वचित् एखाद्या कंटेनरांत लांकडी चौकटींत घट्ट बांधलेली, टांकींतलें पेट्रोल काढून घेतलेली, बॅटरीच्या तारा सोडविलेली अशी एखादी मोटारसायकलहि जाते. ती विकावयाची नसते. तिचा धनी परक्या बंदरांत तिची वाट पाहत असतो; ती उतरली कीं तिच्यावर स्वार होऊन तो पांचदहा देश फिरणार आणि तिच्यासह घरीं येणार, असा बेत असतो. पूर्वीं असा प्रवासी अटारीच्या वाटेनें पश्चिमेस जाऊं शकत असे. २०२५ च्या एप्रिलांत ती चौकी बंद करण्यांत आली, तेव्हां इकडच्या मोटारसायकलस्वारांस पश्चिमेचा जवळचा रस्ता समुद्राचाच उरला.

ही मोटारसायकल जकात अधिकाऱ्यापुढें उभी राहते तेव्हां तो तिच्याकडे प्रवासाचें साधन म्हणून पाहत नाहीं. त्याच्या दृष्टीनें ती विकण्याजोगी, मौल्यवान, आणि आयात कर न भरतां देशांत येऊं पाहणारी एक जिन्नस असते. स्वाराच्या खिशांत पासपोर्ट असतो, व्हिसा असतो, आंतरराष्ट्रीय वाहन परवानाहि असतो; परंतु हे तिन्ही कागद माणसाविषयीं बोलतात, गाडीविषयीं मौन धरतात. गाडीसाठीं चौथा कागद लागतो. त्याचें पूर्ण फ्रेंच नांव ‘कार्ने द पासाज आं दुआन’ असें आहे. आपल्याकडे त्यास नुसतें ‘कार्नेट’ म्हणतात.

माल आणि माणूस यांचे परवाने निराळे असावे हा विचार फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शुल्काध्यक्ष आणि मुद्राध्यक्ष असे दोन वेगळे अधिकारी सांगितले आहेत. पहिला मालावर शुल्क घेतो. दुसरा येण्याजाण्याची मुद्रा देतो. ही मुद्रा एका माषकास मिळते, आणि मुद्रेवांचून जो जाईल त्यास बारा पण दंड आहे. व्यवस्था सुटसुटीत दिसते खरी, पण वाहनाचें काय? बैल, घोडा, गाडी, गलबत हीं धड मालहि नव्हेत आणि धड माणूसहि नव्हेत. तीं मालाप्रमाणें विकतां येतात, आणि माणसाप्रमाणें घरीं परतहि येतात. जकातीच्या इतिहासांतील पुष्कळशी गुंतागुंत या मधल्या वस्तूनें उत्पन्न केली आहे.

कोंकणच्या किनाऱ्यावर या गुंतागुंतीचें जुनें उत्तर तांब्यावर कोरलेलें सांपडतें. खारेपाटण येथें मिळालेला शिलाहार राजा अनंतदेव याचा ताम्रपट शके १०१६ चा, म्हणजे इ. स. १०९४ चा आहे. बलिपत्तनचे भाभण श्रेष्ठी आणि धणाम श्रेष्ठी हे दोघे बंधु राजाचे अमात्य होते. त्यांचीं जहाजें स्थानक म्हणजे ठाणें, नागपुर, शूर्पारक म्हणजे सोपारें, चेमूल्य म्हणजे चौल इत्यादि बंदरांत येतील तेव्हां त्यांजकडून शुल्क घेऊं नये, अशी आज्ञा या पटांत आहे. द्रोणागिरीच्या पायथ्याचा मुलूखहि शिलाहारांच्याच अंमलाखालीं होता. उरणजवळ चांजें येथें अपरादित्याचा शके १०६० चा आणि सोमेश्वराचा शके ११८२ चा असे शिलालेख मिळालेले आहेत. त्या काळीं जकात वसूल करण्याच्या जागेस ‘मंडपिका’ म्हणत, आणि तोच शब्द झिजून मराठींत ‘मांडवी’ झाला. मुंबईच्या मांडवींत मसाला घ्यावयास जाणाऱ्या किती गृहस्थांस आपण जकातीच्या नाक्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पेठेंत उभे आहों हें ठाऊक असेल, कोण जाणे!

खारेपाटणच्या ताम्रपटांतील माफी ही राजाच्या मर्जीची माफी आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ती दोघां नामांकित, राजदरबारीं वजन असलेल्या व्यापाऱ्यांस मिळाली. तिच्यांत जामीन नाहीं, मुदत नाहीं, परतीची अट नाहीं. कारण ज्यास माफी द्यावयाची तो राजाच्या माहितीचा होता. ओळख असली म्हणजे कागद थोडा पुरतो. परंतु अनोळखी माणूस अनोळखी जहाज घेऊन येतो तेव्हां ओळखीची जागा कोणी भरून काढावयाची? या प्रश्नाचें पहिलें कठोर उत्तर पोर्तुगीजांनीं दिलें.

पोर्तुगीज या समुद्रांत आले तेव्हां त्यांनीं एक अपूर्व दावा मांडला. आजवर समुद्र कोणाचाहि नव्हता. ते म्हणाले, हा आमचा आहे, आणि यावरून जाणाऱ्या प्रत्येक गलबतापाशीं आमचा कागद असलाच पाहिजे. या कागदाचें नांव ‘कर्ताझ’. शब्द मुळांत अरबी ‘किर्तास’, म्हणजे कागद; आणि अरबांनींहि तो ग्रीकांकडून उचललेला. कर्ताझांत जहाजाचें व त्याच्या नाखुद्याचें नांव, जहाजाचा आकार, त्यावरील खलाशी व हत्यारें आणि जाण्याचें ठिकाण हें सर्व लिहिलेलें असे. मिरीसारखे मसाल्याचे जिन्नस, हत्यारें, दारूगोळा इत्यादि वर्ज्य वस्तु त्यांत नेऊं नयेत अशी ताकीद असे. कागदाची फी अल्प होती. खरी मेख पुढें होती. जहाजानें पोर्तुगीजांच्या ठाण्याशीं येऊन जकात भरली पाहिजे, आणि त्याबद्दल आगाऊ तारण दिलें पाहिजे. कर्ताझ नसलेलें अथवा त्यांतील अटी मोडणारें जहाज दिसलें कीं तें जप्त होई.

या कागदापुढें मोठमोठ्यांस मान लववावी लागली. विजापूर व अहमदनगर येथील सुलतानांच्या जहाजांसहि कर्ताझ घ्यावे लागत. अकबरानें गुजरात जिंकल्यावर मोगलांचीं जहाजें सुरतेहून मक्केच्या यात्रेस निघूं लागलीं, तरी त्यांची वाट या कागदांतूनच जात होती. बादशहाची आत्या गुलबदन बेगम यात्रेस निघाली तेव्हां कर्ताझाच्या भानगडींत तिला सुरतेस पुष्कळ काळ खोळंबून राहावें लागलें, आणि १५७६ सालीं तिचें जहाज सुटलें. बदायूनी या इतिहासकारानें तर अशी नोंद केली आहे, कीं या परवान्यावर मेरी आणि येशू यांचीं चित्रें असल्यामुळें तो घेऊन यात्रा करणें धर्मास संमत आहे काय, असा वाद त्या काळच्या मौलवींत निघाला होता. परक्याचा शिक्का खिशांत बाळगून आपल्या देवाकडे जावें कीं न जावें, हा प्रश्न केवळ जकातीचा राहिला नव्हता; तो स्वाभिमानाचा झाला होता.

करंजा बेट या व्यवस्थेच्या ऐन पोटांत होतें. गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि वसई हें ज्याचें मुख्य ठिकाण त्या ‘उत्तर प्रांतां’त करंजाचा समावेश झाला. द्रोणागिरीवर किल्ल्याचे व पोर्तुगीज काळांतील चर्चचे भग्नावशेष आहेत. तेथें उभें राहिलें म्हणजे मुंबई बंदराचें तोंड आणि धरमतरची खाडी हीं दोन्ही नजरेच्या टप्प्यांत येतात. जकात नाक्यासाठीं याहून चांगली जागा कोणती? पुढें १६६१ च्या विवाहतहानें मुंबई इंग्रजांकडे गेली व १६६५ त त्यांनीं तिचा ताबा घेतला, तेव्हां या जागेचें मोल इंग्रजांस फार लवकर कळून चुकलें. मुंबई त्यांची झाली, पण ठाणें व करंजा पोर्तुगीजांकडेच राहिलीं. वरच्या मुलुखांतून मुंबईस येणाऱ्या गलबतांकडून या दोन्ही ठिकाणीं पोर्तुगीज अधिकारी जकात मागूं लागले. इंग्रज म्हणत, आमच्या बंदरास जाणाऱ्या मालावर तुमचा हक्क कसला? पोर्तुगीज म्हणत, पाणी आमच्या दारांतून वाहतें. हा तंटा वर्षानुवर्षें धुमसत राहिला. माल इथला नाहीं, इथें उतरणारहि नाहीं, नुसता इथून जाणार. त्यावर जकात असावी कीं नसावी, हा जो आजच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा मूळ प्रश्न, तो साडेतीनशें वर्षांपूर्वीं द्रोणागिरीच्या पायथ्याशीं हमरीतुमरीवर आला होता.

वसईच्या मोहिमेंत, म्हणजे १७३७ ते १७३९ च्या दरम्यान, हा सारा प्रदेश मराठ्यांकडे आला. परंतु समुद्रावरचा परवाना त्यापूर्वींच मराठ्यांनीं आपल्या हातीं घेतला होता. सरखेल कान्होजी आंग्रे यांनीं पोर्तुगीजांचीच विद्या पोर्तुगीजांवर व इंग्रजांवर उलटविली. हा किनारा मराठ्यांचा आहे, तेव्हां यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबतांनीं आमचें दस्तक घ्यावें, असें त्यांचें म्हणणें. ‘दस्तक’ हा फारसी शब्द ‘दस्त’ म्हणजे हात यापासून झालेला. ज्याच्या हातीं समुद्र त्याच्या हातचा कागद, असा त्याचा या प्रसंगीं अर्थ होता. इंग्रजांनीं दस्तक घेण्याचें नाकारलें. एवढेंच नव्हे, तर आपल्या निशाणाखालीं जाणाऱ्या देशी व्यापाऱ्यांच्या मालासहि तें लागूं नये असा आग्रह धरला. मुंबईचा गव्हर्नर बून यानें १७१७ त विजयदुर्गावर आणि १७१८ त खांदेरीवर आरमार पाठविलें. १७२१ त पोर्तुगीजांस बरोबर घेऊन कुलाब्यावर चाल झाली. तिन्ही वेळां हात हलवीत परतावें लागलें. इंग्रज ग्रंथकारांनीं कान्होजींस चांचे म्हटलें आहे. पण कर्ताझ मागणारा पोर्तुगीज कप्तान चांचा नसेल, तर दस्तक मागणारा मराठा सरखेल तेवढा चांचा कसा ठरतो, हें कोणीं सांगितलेलें आमच्या वाचनांत नाहीं. भांडण लुटीचें नव्हतें; कोणाचा कागद चालावा याचें होतें.

दस्तकाची दुसरी कथा बंगालची आहे, आणि ती अधिक शोचनीय आहे. १७१७ सालीं बादशहा फर्रुखसियर यानें ईस्ट इंडिया कंपनीस फर्मान दिलें, आणि कंपनीच्या मालास जकातमाफीचें दस्तक मिळूं लागलें. माफी कंपनीच्या व्यापारास होती. पण कंपनीचे नोकर आपला खासगी माल त्याच दस्तकाखालीं नेऊं लागले, आणि पुढें तर तीं दस्तकें दुसऱ्यांस वापरूं देऊं लागले. नबाबाचें उत्पन्न बुडालें, देशी व्यापारी बुडाले. अखेर १७६३ सालीं नबाब मीर कासीम यानें सर्वांचीच जकात उठविली. परक्यांस माफी आणि स्वकीयांस भुर्दंड, यापेक्षां कोणासच भुर्दंड नको! कंपनीच्या नोकरांस ही समता सोसली नाहीं. युद्ध जुंपलें, आणि १७६४ त बक्सार येथें त्याचा निकाल लागला. एका माफीच्या चिठोऱ्याचा गैरवापर एक सुभा गिळावयास कारण झाला. ज्या कागदामागें जामीन नाहीं आणि हिशेब नाहीं, तो कागद बलवानाच्या हातीं गेला म्हणजे काय होतें, याचें याहून मोठें उदाहरण आमच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल. इकडे करंजाचेंहि भवितव्य त्याच हातीं गेलें: इंग्रजांनीं साष्टीबरोबर तें घेतलें, आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांच्याकडे कायम राहिलें.

आतां कार्नेटकडे वळूं. ‘कार्ने’ म्हणजे छोटी वही. त्याचें मूळ लॅटिनमधील चार या संख्येशीं, चारचार पानांच्या जुडीशीं, जाऊन भिडतें. कर्ताझाशीं त्याचें ध्वनिसाम्य आहे, पण रक्ताचें नातें नाहीं. आणि आमच्या मतें स्वभावाचेंहि नातें अर्धेंच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत मोटारी रस्त्यावर धांवूं लागल्या तेव्हां हौशी प्रवाशांची मोठी अडचण होऊं लागली. प्रत्येक सीमेवर गाडीचा आयात कर अनामत म्हणून रोख भरावा, आणि देश सोडतांना तो परत मागावा. चार देशांच्या प्रवासांत चार नाण्यांची पिशवी बाळगावी लागे, आणि बाहेर पडण्याच्या नाक्यावर परत देण्यास पैसा नसला म्हणजे प्रवासी तेथेंच अडकून पडे. यावर मोटारवाल्यांच्या संघांनीं तोड काढली. आमच्या सभासदाची गाडी परत जाईल असें आम्ही लिहून देतों. न गेली तर कर आम्ही भरूं. प्रथम एकेका देशापुरता ‘ट्रिप्टिक’ नांवाचा तीन भागांचा कागद निघाला, आणि नंतर अनेक देशांस एकच चालणारी वही, म्हणजे कार्नेट. पुढें ४ जून १९५४ रोजीं न्यूयॉर्क येथें खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीसंबंधीं आंतरराष्ट्रीय करार झाला व या रीतीस कायद्याचा आधार मिळाला. भारतानेंहि तो करार मान्य केला. आपल्याकडे १९१९ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशननें कार्नेट देण्याचें काम दीर्घकाळ केलें आहे.

या वहीची रचना पाहण्यासारखी आहे. गाडीचा नोंदणी क्रमांक, चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, बनावट, रंग, किंमत हें सर्व आरंभीं लिहिलेलें असतें; कर्ताझांतील जहाजाच्या वर्णनाची येथें आठवण होते. पुढें प्रत्येक देशास एकेक पान. पानाचे तीन भाग असतात. गाडी आंत आली कीं खालचा भाग फाडून प्रवेशाचा अधिकारी ठेवून घेतो. बाहेर पडली कीं मधला भाग दुसऱ्या नाक्याचा अधिकारी ठेवून घेतो. वरच्या भागावर दोन्ही शिक्के उमटतात आणि तो वहींत राहतो. वहीची मुदत एक वर्षाची. दोन शिक्क्यांची जोडी जुळली म्हणजे त्या देशापुरतें ऋण फिटलें. सर्वच देश ही वही मागत नाहींत; शेजारच्या नेपाळांत भारतीय मोटारसायकल नुसता ‘भन्सार’ भरून जाते. पण इराणसारख्या देशांत तिच्यावांचून गाडीचें चाक सीमेपलीकडे फिरत नाहीं.

मराठी कागदपत्रांचा ज्यांस परिचय आहे त्यांस यांत नवें कांहींच वाटणार नाहीं. आमच्याकडे जामिनाचे दोन प्रकार होते: हाजिरजामीन आणि मालजामीन. माणूस वेळेवर हजर होईल याची हमी घेणारा तो हाजिरजामीन. पैका भरला जाईल याची हमी घेणारा तो मालजामीन. कार्नेट देणारा संघ गाडीपुरता हाजिरजामीन असतो आणि ती हजर न झाली तर आपोआप मालजामीन होतो. संघामागें संघांची साखळी असते: इकडचा संघ तिकडच्या संघास ओळखतो, आणि तिकडचा संघ तिकडच्या सरकारास. पेशवाईंतील हुंडीहि अशाच साखळीवर चालत असे. फरक इतकाच, कीं हुंडी वटावी म्हणून लिहीत. कार्नेट ही कधींहि वटूं नये म्हणून लिहिलेली हुंडी आहे. शिलाहारांच्या काळीं राजाची ओळख जें काम करीत होती, पोर्तुगीजांच्या काळीं तोफ जें काम करीत होती, तें काम आतां परस्परांच्या शब्दावर चालतें. मानवी व्यवहारांतील ही प्रगति लहान नव्हे. कर्ताझ हा बलवानानें दुर्बलावर लादलेला कागद होता. कार्नेट हा प्रवाशांनीं आपण होऊन निर्माण केलेला आणि राज्यांनीं मागाहून मान्य केलेला कागद आहे.

तथापि शब्दाची किंमत शेवटीं कोणास तरी मोजावी लागते. संघ परराज्यांस जामीन राहतो. पण संघास जामीन कोण? तो प्रवाशाकडून रोख अनामत किंवा बँकेची हमी घेतो. ही रक्कम ज्या देशांतून जावयाचें तेथील करांवर अवलंबून असते, आणि कांहीं देशांत मोटारगाड्यांवरील कर इतका जबर असतो कीं हमी गाडीच्या किमतीच्या बरोबरीस येते, प्रसंगीं तिच्याहि पुढें जाते. आमच्या हाताखालीं शिकून गेलेला, याच भागांतला एक तरुण कांहीं वर्षांपूर्वीं मोटारसायकलवरून परदेशीं जावयास निघाला, तेव्हां त्याच्या वडिलांनीं बँकेपाशीं आपला भूखंड तारण ठेवला. तो भूखंड कसला, तेंहि सांगितलें पाहिजे. नवी मुंबईसाठीं व बंदरासाठीं या टापूंतील शेतजमिनी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं लढा दिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासई आणि दास्तान फाटा येथें गोळीबार होऊन पांच जण हुतात्मे झाले. त्यानंतर शासनानें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकांस देण्याचें ठरविलें, आणि तो हातीं पडावयास कित्येक घरांस वर्षेंच्या वर्षें थांबावें लागलें. मुलाची मोटारसायकल परत येईल या हमीसाठीं बापानें जो तुकडा गहाण टाकला, तो स्वतःच एका मोठ्या वचनाची उशिरां झालेली फेड होती.

मुलगा सुखरूप परत आला, मोटारसायकलहि आली. पण वहींतील एका पानावर बाहेर पडल्याचा शिक्का नव्हता. रात्रीच्या वेळीं एका लहानशा नाक्यावरील शिपायानें ‘जा, जा’ म्हणून त्यास वाट करून दिली, आणि यानेंहि आनंदानें वाट धरली. कोणता देश तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. परिणाम मात्र ध्यानांत घेण्यासारखा आहे. ती गाडी उरणास त्याच्या अंगणांत उभी होती, पोरें तिच्यावर चढून खेळत होतीं. पण कायद्याच्या दृष्टीनें ती अजून त्या परमुलुखांतच होती. डोळ्यांस दिसणारी वस्तु खोटी आणि न उमटलेला शिक्का खरा! वेदान्त्यांनीं दृश्य जग मिथ्या म्हटलें आहे, पण तें जकात खात्यानें इतकें मनावर घ्यावें असें त्यांसहि वाटलें नसेल. यावरहि करारांत उपाय ठेवलेला आहे: गाडी ज्या देशांत आहे तेथील अधिकारी ती प्रत्यक्ष पाहून, चासीचा व इंजिनाचा क्रमांक ताडून, ‘गाडी येथें आहे’ असें प्रमाणपत्र देऊं शकतो. तसें प्रमाणपत्र मिळालें, कागद सात समुद्र हिंडून आले, आणि कांहीं महिन्यांनीं भूखंड मोकळा झाला. त्या महिन्यांत त्या घरांत शांत झोंप कोणास लागली नसावी.

कोणी म्हणेल, इतकी यातायात असेल तर मोटारसायकल घेऊन परदेशीं जावेंच कशाला? हौसेचें मोल हौशी माणसानें द्यावें. या आक्षेपांत तथ्य आहे, पण तें अपुरें आहे. प्रश्न हौसेचा नसून, ज्यास कोणी ओळखत नाहीं अशा साध्या माणसाचा शब्द परराज्यांत चालावा कीं नाहीं, हा आहे. भाभण श्रेष्ठीस ताम्रपट मिळाला तो तो अमात्य होता म्हणून; कंपनीच्या गुमास्त्यांस दस्तक मिळालें तें त्यांच्यामागें पलटणी होत्या म्हणून. उरणच्या शेतकऱ्याच्या मुलापाशीं यांतलें कांहीं नाहीं. तरी पंचवीस पानांची एक वही दाखवून तो दहा राजधान्यांच्या दारांतून जाऊं शकतो, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यास सामान्य वाटूं नये. मात्र ज्याच्यापाशीं गहाण टाकावयास तुकडाहि नाहीं, त्यास हीं दारें अद्याप बंद आहेत. ताम्रपटाच्या काळीं ओळख लागे, आतां मत्ता लागते. माणसाची निव्वळ सचोटी पुरेल असा कागद अजून कोणीं लिहिलेला नाहीं.

दुसरीहि एक विसंगति येथें नमूद करण्यासारखी आहे. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतु खुला झाला, आणि त्याच दिवशीं उरणपर्यंतचा लोहमार्गहि पुरा झाला. त्यावर द्रोणागिरि नांवाचें स्थानकहि आहे. सेतु जवळजवळ २२ किलोमीटर लांबीचा, देशाचें भूषण म्हणावा असा. पण तो खुला करतांना मोटारसायकलीस त्यावर मज्जाव करण्यांत आला. भरधांव वाहनांत दुचाकीस्वाराच्या जिवास धोका, हें कारण पटण्यासारखें आहे, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा आमचा हेतु नाहीं. तरी मौज अशी, कीं कार्नेटच्या बळावर जी गाडी इराणचीं वाळवंटें ओलांडते, तिला शिवडीची खाडी ओलांडतां येत नाहीं. वेशी केवळ दोन राज्यांच्या मध्येंच असतात असें नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगावीशी वाटते. कर्ताझ, दस्तक आणि कार्नेट या तिहींत राज्य प्रजेस एकच प्रश्न विचारीत आलें आहे: तुझा भरंवसा काय? प्रश्न रास्त आहे, आणि बंगालच्या उदाहरणावरून तो न विचारण्याचा परिणामहि आपण पाहिला. पण जो हिशेब एका अंगानें रास्त असतो तो दुसऱ्या अंगानेंहि मांडला गेला पाहिजे. एक वर्षाच्या मुदतीनें गाडी परत आणीन असें वचन देणाऱ्या मुलाकडून जामीन घेतला जातो, आणि एक शिक्का हुकला तर त्याचें तारण अडकून पडतें. त्याच्या बापाची जमीन घेतांना जें वचन दिलें गेलें, त्यास मुदत कोणती होती, जामीन कोण होता, आणि ती मुदत उलटली तेव्हां कोणाचें तारण अडकलें? प्रजेनें राज्यास विचारावयाच्या या प्रश्नांसाठीं दोन शिक्क्यांची वही अद्याप छापली गेलेली नाहीं. ती छापली जाईल तेव्हां जकातीच्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण पुरें झालें असें आम्ही समजूं.